वेगाचा लगाम कोणाच्या हाती?



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेला माणूस व्हिडिओ गेमवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना ती छपाईची चूक वाटली असेल. चूक नव्हे. पन्नाशी उलटली तरी मी हे खेळ खेळतो. मात्र चाळीस वर्षांपूर्वी खेळत होतो त्याहून पुष्कळच वाईट. माझे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात. तेव्हा पंडिताचा अधिकार मला नाही. खेळणाऱ्याचा आहे, आणि तेवढ्यावरच मी बोलणार आहे.

हा विषय मला एका तरुण सभासदाने दिला. महिन्याच्या दहा तारखेलाच तो उचल मागावयास आला. खोदून विचारता कळले की, पगारातला मोठा भाग मोबाइलवरच्या एका खेळात गेला होता. मी त्याला चांगलेच झापले. तो शांतपणे म्हणाला, “काका, खेळ वाईट नाही. त्यातली पेटी वाईट आहे.” त्या वेळी मला हे उत्तर पळवाटीचे वाटले. पुढे विचार करता ध्यानात आले की, पोराने नेमक्या जागी बोट ठेवले होते.

प्रथम विषयाची हद्द आखून घेऊ. पैसे लावून पत्ते खेळविणारे ऑनलाइन खेळ हा आजचा विषय नव्हे. त्यांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने 2025 साली केलाच आहे. बुद्धिबळ किंवा कोडी यांविषयीही मी बोलत नाही. ज्या खेळात डोळा आणि हात यांच्या चपळाईवर जय-पराजय ठरतो, धावणे, उडी, नेम, वार आणि बचाव हा ज्याचा प्राण, त्याला ॲक्शन गेम म्हणतात. त्याचे गुण कोणते आणि दोष कोणते, एवढाच प्रश्न आहे.

माझी या खेळाशी ओळख स्टेशनाबाहेरच्या एका पार्लरमध्ये झाली. तेथे ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे यंत्र होते. जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 1978 साली हा खेळ तयार केला. पडद्यावर पाच रांगांत पंचावन्न परग्रहवासी. ते कवायत करीत खाली सरकतात आणि आपण खालून तोफ डागावयाची. गंमत अशी की, शत्रू जसजसे कमी होतात तसतसे उरलेले अधिक वेगाने धावू लागतात. हे मुळात कोणी योजलेले नव्हते. त्या काळचे यंत्र दुबळे. इतकी चित्रे हलविताना त्याची दमछाक होई. चित्रे कमी झाली की ते मोकळे होऊन झपाट्याने चाले. निशिकादोंनी हे पाहिले, त्यातली मौज ओळखली आणि ते तसेच राहू दिले.

माझे वडील गिरणीत साचे चालवीत. मी हा खेळ त्यांना समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे काम उरकलं की कामाचा वेग वाढवतात? मग हे आमच्या खात्यासारखंच झालं की!” उक्त्या कामावर घाम गाळलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. आज जास्त माल काढा, उद्या तेवढाच माल नेहमीचा ठरतो. मग प्रश्न उरतो की, दिवसभर यंत्रामागे धावणारी माणसेही संध्याकाळी पदरचा रुपया खर्चून पुन्हा यंत्रापुढे का उभी राहत? आमच्या पार्लरमध्ये शाळकरी पोरांपेक्षा पाळी सुटलेले कामगारच अधिक असत.

माझ्या मते त्याचे कारण हे, की तेथला नियम उघडा होता. तो सर्वांना सारखा होता आणि मध्येच कोणी बदलीत नसे. मुकादमाची मर्जी नाही, वशिला नाही. हरलो तर का हरलो ते दिसे. जिंकलो तर श्रेय आपल्या हाताचे. ज्याला दिवसभर हे मिळत नाही, त्याला त्याची किंमत कळते. चांगल्या ॲक्शन गेमचा पहिला गुण तो हाच.

ही सचोटी खेळात आणावी लागते, आणि ती कशी आणतात हे पाहण्यासारखे आहे. पुष्कळसे वेगवान खेळ सेकंदाला साठ चित्रे दाखवितात. काही दिसले की बोट हलावयास माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे तेवढ्यात पंधरा चित्रे निघून जातात. शत्रूने त्याहून कमी अवधीत आणि काहीही सुगावा न देता वार केला, तर जगातला कोणताही खेळाडू केवळ पाहून वाचणार नाही. म्हणून चांगला रचनाकार शत्रूला आधी पवित्रा घ्यावयास लावतो. तलवार मागे जाते, पाय रोवला जातो, मग वार येतो. आखाड्यात प्रतिमल्लाच्या खांद्यावरून डाव ओळखतात, तोच हा प्रकार. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला 2011 सालचा ‘डार्क सोल्स’ हा खेळ अतिशय कठीण म्हणून गाजला. मी त्यात शेकडो वेळा मेलो असेन. माझा भाचा शेजारी बसून सांगे, “मामा, तलवारीकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ.” त्याचे ऐकले आणि आठवडाभर अडलेला शत्रू पडला. अपयश आले की रागावण्याऐवजी कारण शोधावे, हा धडा मला कित्येक वाटाघाटींनीही इतक्या स्वच्छपणे दिला नव्हता.

दुसरा गुण शास्त्रज्ञांनी तपासला आहे. शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बावेलिये यांनी 2003 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ॲक्शन गेम खेळणाऱ्यांचे दृष्टीच्या टप्प्यातल्या अनेक वस्तूंवर एकदम लक्ष राहते, आणि न खेळणाऱ्यांना थोडे दिवस सराव दिला तरी फरक पडतो, असे त्यांना आढळले. मात्र नजर तीक्ष्ण झाली म्हणजे विवेकही झाला, असे यातून कोणी समजू नये.

आता दोष. पहिला दोष धंद्याने चिकटविलेला आहे. पार्लरमधले यंत्र जितक्या लवकर तुम्हाला हरवील तितके मालकाचे उत्पन्न अधिक. म्हणजे अवघडपणा काही वेळा खेळासाठी नसून गल्ल्यासाठी असे. तरीही तेथे रुपया सर्वांचा सारखाच होता. आज मोबाइलवर खेळ फुकट देतात आणि आत बंद पेट्या विकतात. पेटीत काय निघेल ते दैवावर. कधी नुसता भरजरी पोशाख निघतो, तर काही खेळांत इतरांपेक्षा सरस हत्यारही निघते. 2017 साली ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2’ या खेळातल्या अशा विक्रीवर खेळाडूच इतके खवळले की, कंपनीला ती विक्री तात्पुरती बंद करावी लागली. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या जुगार नियंत्रण मंडळाने अशा पैशाच्या पेट्या जुगारात मोडतात असा निर्णय दिला. आमच्या तरुण सभासदाचा पगार गेला तो याच वाटेने. चपळाईच्या खेळात पैशाने सरशी विकली की खेळाचा पायाच उखडतो.

दुसरा दोष कल्पनेच्या दारिद्र्याचा. 1993 साली ‘डूम’मध्ये बंदुकीपुढे राक्षस होते. पुढे असंख्य खेळांत त्यांच्या जागी माणसे आली. पण त्या माणसांना ना नाव, ना घर, ना बोलणे. हे खेळ खेळून मुले खुनी होतात, असे मी म्हणत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली कॅलिफोर्नियाचा हिंसक खेळांविषयीचा कायदा रद्द केला, तेव्हा असा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही असेच म्हटले. माझी तक्रार साधी आहे. ज्या हातांना इतके कौशल्य शिकविले, त्यांना मारण्यावाचून दुसरे काम का देऊ नये?

तिसरा दोष पडद्यावर दिसत नाही. हे खेळ माणसे घडवितात, आणि खेळ बाजारात येण्याआधी कित्येक ठिकाणी त्यांना महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबविले जाते. खेळातल्या पात्रांना आवाज आणि अंगविक्षेप देणारे अमेरिकेतले नट 2016 सालापासून जवळजवळ वर्षभर संपावर होते. 2024 साली ते पुन्हा संपावर गेले. आपला आवाज आणि हालचाल यांची नक्कल कृत्रिम बुद्धीकडून आपल्या संमतीवाचून करून घेऊ नये, ही मुख्य मागणी होती. सुमारे एक वर्षाने, 2025 साली, करार झाला. पडद्यावर जो वीर उडी मारतो, त्याच्यामागे बहुधा खरोखर उडी मारलेला एक माणूस असतो, हे आपण खेळणाऱ्यांनी विसरू नये.

शेवटी एका खेळाचे उदाहरण देऊन आटोपते घेतो. 2018 साली ‘सेलेस्ट’ नावाचा खेळ आला. एक मुलगी डोंगर चढते, एवढीच गोष्ट. उड्या इतक्या अवघड की, माझी बोटे हरली. परंतु या खेळात एक सोय आहे: ज्याला झेपत नाही त्याने खेळाचा वेग टप्प्याटप्प्याने निम्म्यापर्यंत उतरवावा. मी पुष्कळ दिवस ती वापरली नाही, लाज वाटली. मग मनात आले, यंत्राचा वेग माणसाला झेपेल इतका असावा म्हणून मी तीस वर्षे भांडलो, आणि येथे कोणी आपणहून लगाम माझ्या हाती देत असता मी तो नाकारतो आहे! मी वेग उतरविला. उड्या त्याच होत्या, खड्डे तेच होते. महिन्याभराने शिखर गाठले, आणि तो आनंद कोणत्याही अर्थाने उसना नव्हता.

आपल्या घरात मुले हे खेळ खेळत असतील, तर खेळ हिसकावून घेण्याआधी त्यांच्याशेजारी तासभर बसा. नियम सर्वांना सारखा आहे काय? हरल्यावर शिकावयास मिळते, की पाकीट उघडावे लागते? आणि थांबावेसे वाटले तर मुलाला थांबता येते काय? ही तीन उत्तरे मिळाली की, खेळ घरात ठेवावा की नाही ते आपणांस समजेल. त्या तरुण सभासदाला मी उचल दिली. तो अजून खेळतो. पेट्या मात्र घेत नाही. रविवारी कधी मी त्याच्याबरोबर खेळतो, आणि बहुतेक वेळा हरतो.