वजीर दिला आणि राजा पटभर पळवला

मोठे बुद्धिबळपटू वीस-वीस चाली पुढचे पाहतात, असे आपण ऐकतो. खरे तर समोरच्याकडे तीन-चार उत्तरे असली की हिशेबाला फाटे फुटतात आणि भल्याभल्यांची दमछाक होते. पण प्रत्येक चालीला एकच उत्तर उरले, तर आठ चालींचा हिशेबही सरळ रेषेत चालतो. हे गुपित मुलामुलींना समजावून सांगण्यासारखे आहे.

१९१२ साली लंडनमध्ये एक मैत्रीचा डाव झाला. पांढऱ्या सोंगट्या एडवर्ड लास्कर या अभियंत्याकडे होत्या (तेव्हाचे जगज्जेते इमॅन्युएल लास्कर वेगळे). काळ्या सोंगट्यांनी जॉर्ज थॉमस खेळत होते. बॅडमिंटनचा जो थॉमस करंडक भारताने २०२२ साली जिंकला, तो यांच्याच नावाचा.

अकराव्या चालीला लास्करनी राजासमोरचे प्यादे वजिराने मारून शह दिला. वजिराला जोर नव्हता. पण राजाला दुसरे घरही नव्हते. वजीर मारावाच लागला. पुढच्याच चालीला घोड्याने उंट मारला आणि दुहेरी शह बसला, एक घोड्याचा, दुसरा मागच्या उंटाचा. अशा वेळी मध्ये सोंगटी घालून भागत नाही, राजालाच हलावे लागते. कोपऱ्यात गेला असता तर तिथेच मात होती. म्हणून तो पुढे आला आणि फसला.

मग घोडा, दोन प्यादी, उंट, हत्ती यांनी पाळीपाळीने शह दिले. प्रत्येक वेळी एकच घर मोकळे. काळा राजा चालत चालत पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत पोहोचला. अठराव्या चालीला लास्करचा राजा बाजूला सरला, हत्तीचा शह उघडला आणि मात झाली. आठ चाली, आठही शह!

मात्र सक्ती खरी की वरवरची, हे तपासावे लागते. १९९९ साली कास्पारोव्हने टोपालोव्हला हत्ती देऊ केला. टोपालोव्हने तो घेतला आणि त्याचा राजा असाच पटभर फिरून डाव गेला. हत्ती घेतला नसता तर तो तग धरू शकला असता.

पालकांनी मुलांना एवढीच सवय लावावी. चालीपूर्वी विचारा : शह कोणते? मार कोणती? समोरच्याला उत्तरे किती? ही सवय लागायला महागडा क्लास लागत नाही. एक पट आणि रोजचा अर्धा तास पुरतो.