हाताच्या मापाचे यंत्र

दिवाळीच्या सुट्टीत चांदवडच्या पेठेतील घरे पुन्हा भरतात. पुणे, मुंबई, नाशिकहून लेकी-सुना आणि नातवंडे येतात. फराळ आटोपला की मुले टीव्हीसमोर गोलाकार बसतात आणि व्हिडिओ गेम सुरू होतो. कंपन्या ज्याला कंट्रोलर म्हणतात, त्याला मुले ‘रिमोट’ म्हणतात. हा रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात फिरतो. मात्र दोन ठिकाणी तो थांबत नाही. दादाजींनी कुतूहलाने हात पुढे केला, तर नातू हसून म्हणतो, “दादाजी, तुम्हाला नाही जमायचं.” आणि घरात जन्मापासून बोटे ताठ असलेले एखादे लेकरू असेल, तर त्याच्यासमोरून रिमोट काहीही न बोलता पुढे जातो.

खेळ तर पडद्यावर असतो. तो कोणी खेळायचा हे मात्र हातातील वस्तू ठरवते. त्या वस्तूची घडण कशी होत गेली, हे पाहण्यासारखे आहे.

मुठीपासून अंगठ्यापर्यंत

१९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्यांच्या करमणुकीसाठी टेनिसचा एक खेळ तयार केला. खेळणाऱ्याच्या हातात एक लहानशी डबी असे. तिच्यावर चेंडूचा कोन ठरवणारी एक फिरती खुंटी आणि फटका मारण्याचे एक बटण, एवढेच. रेडिओचा आवाज कमी-जास्त करता येणारा कोणीही तो खेळ खेळू शकत होता. १९७२ मध्ये आलेल्या अटारी कंपनीच्या ‘पाँग’ची रचनाही अशीच सोपी होती: प्रत्येक खेळाडूसाठी एक खुंटी.

१९७७ साली अटारीच्या घरगुती यंत्राबरोबर जॉयस्टिक घरोघरी पोहोचली. चौकोनी पाया, मध्ये उभा दांडा आणि कोपऱ्यात एकच लाल बटण. डाव्या हाताने पाया धरायचा आणि उजव्या मुठीने दांडा ढकलायचा. दिशा समजायला ही सोय उत्तम होती. पण मनगट लवकर दुखू लागे आणि ते यंत्र खिशात मावण्याचा तर प्रश्नच नव्हता.

पत्ते बनविणाऱ्या पेढीतील कारागीर

या अडचणीचे उत्तर जपानमधील क्योटो शहरातून आले आणि तेही एका जुन्या कौटुंबिक पेढीतून. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ मध्ये निन्टेन्डो सुरू केली, ती ‘हानाफुदा’ नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्यासाठी. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यासारखीच ही हस्तकला. १९४९ मध्ये त्यांचे पणतू हिरोशी यामाउची यांच्याकडे गादी आली. पुढे १९६५ मध्ये गुनपेई योकोई नावाचा तरुण अभियंता तेथे नोकरीस लागला. त्याचे काम एवढेच, की पत्त्यांची यंत्रे नीट चालू ठेवायची.

रिकाम्या वेळात योकोईने स्वतःच्या गमतीसाठी लांबवर पोहोचणारा लाकडी जाळीचा एक चिमटा तयार केला. मालकाच्या नजरेस तो पडला. कामाच्या वेळेत खेळणी करतो म्हणून नोकरी जायची; पण यामाउचींनी तेच खेळणे बाजारात आणायला सांगितले. १९६६ चा तो ‘अल्ट्रा हँड’ दहा लाखांहून अधिक खपला. नोकराच्या हातातील कसब ओळखणारा मालक पेढीचे भाग्य कसे पालटतो, हे व्यापारी घरांना निराळे सांगायला नको.

योकोईचे एक सूत्र होते. नव्या महागड्या तंत्रामागे धावू नये. जे तंत्र जुने, स्वस्त आणि चांगले मुरलेले आहे, त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग शोधावा. एकदा रेल्वेच्या प्रवासात वेळ जावा म्हणून कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला एक नोकरदार त्याने पाहिला. कंपन्यांच्या स्पर्धेमुळे कॅल्क्युलेटरचे भाव तेव्हा कोसळले होते आणि त्याचे पडदे स्वस्त झाले होते. दुकानाच्या गल्ल्यावर हिशेबासाठी पडून असणाऱ्या त्याच वस्तूच्या सामग्रीतून १९८० मध्ये खिशातील खेळ ‘गेम अँड वॉच’ जन्माला आला.

१९८२ मध्ये या मालिकेतील ‘डाँकी काँग’ हा खेळ घडी घालून मिटणाऱ्या डबीत बसवायचा होता. दांडा ठेवला तर डबी मिटणार कशी? योकोईने दांडा काढून टाकला आणि त्या जागी अधिक चिन्हाच्या आकाराचे एकच सपाट बटण बसवले. त्याची रचना साधी आहे. मध्यभागी उंचवट्यावर टेकलेला प्लास्टिकचा एकसंध तुकडा. चारही भुजांखाली रबराच्या टोप्या आणि त्यांच्या तळाशी कार्बनचा ठिपका. एक भुजा दाबली की ठिपका खालच्या पट्टीला टेकतो आणि वीज वाहते. समोरची भुजा त्याच वेळी आपोआप उचलली जाते. त्यामुळे उजवीकडे आणि डावीकडे एकाच वेळी जाण्याची चूक होतच नाही. शिवाय अंगठ्याला दिशा न पाहता कळते. मुठीचे काम अंगठ्याच्या पेरावर आले.

१९८३ च्या जुलैमध्ये जपानमध्ये आलेल्या ‘फॅमिकॉम’च्या रिमोटवर हेच बटण होते. त्यावरची इतर बटणे सुरुवातीला चौकोनी आणि मऊ रबराची होती. ती अडकत म्हणून कंपनीने लवकरच गोल आणि टणक बटणे बसवली. कागदावर सुबक दिसणारी वस्तू हाताच्या परीक्षेत उतरली नाही, तर बदलावी लागते.

भारतात नव्वदीच्या दशकात घरोघरी आले, ते बहुतेक या यंत्राच्या नकला होत्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून त्या गावोगावी गेल्या. कॅसेट फुंकून बसवणे आणि बटणाखालचे झिजलेले रबर बदलणे ही आज चाळिशीत असलेल्या पिढीची आठवण त्या काळातील आहे.

बटणे वाढली, माणसे गळाली

पुढे रिमोटवर भर पडत गेली. १९९० मध्ये निन्टेन्डोने वरच्या कडेला, तर्जनीखाली बटणे दिली. १९९४ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनसाठी तेइयू गोतो यांनी तळहातात बसणाऱ्या दोन मुठी आणि त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन ही चार चिन्हे योजली. अक्षरे न वाचताही ती ओळखता येतात. १९९७ मध्ये त्याच रिमोटवर दोन लहान दांडे आले आणि हातात थरथरही आली. सरावलेल्या मुलांना ही समृद्धी वाटली. दादाजी मात्र याच काळात खेळाबाहेर पडले.

२००६ मध्ये निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्राने वाट बदलली. त्याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखाच लांबट होता. चेंडू फेकायचा, तर हात तसा हलवायचा. आजी-आजोबा पुन्हा खेळात आले आणि यंत्र दहा कोटींहून अधिक खपले.

तरीही खुर्चीतील ते लेकरू बाहेरच होते. त्याच्यासाठी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला. अपंग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थांना बरोबर घेऊन त्याची घडण झाली. त्यावर तळहाताएवढी दोन मोठी बटणे आहेत आणि पाठीमागे १९ छिद्रे. प्रत्येक छिद्रात वेगळे बटण जोडता येते: कोणी ते पायाने दाबेल, कोणी कोपराने, कोणी डोक्याने. खोके उघडताना दात लावावे लागू नयेत म्हणून त्यालाही कड्यांसारखे पट्टे दिले आहेत.

जयपूर फूट ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना या विचाराची ओळख आहे. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला तो पाय उकिडवे बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या भारतीय माणसाच्या सवयींवरून बेतला गेला. भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो गरजूंना विनामूल्य देत आली आहे. माणसाने यंत्राच्या मापाचे व्हायचे नसते. यंत्र माणसाच्या मापाचे करायचे असते.

परदेशी कंट्रोलर प्रत्येक घराला परवडेल असे नाही. मूळ यंत्राची किंमतच सुमारे शंभर डॉलर होती. पण त्याला जोडायचे बटण म्हणजे दोन तारा, एक स्पर्शबिंदू आणि जुन्या इअरफोनला असते तशी ३.५ मिलिमीटरची पिन. हे तंत्र मुरलेले आहे, स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावातील कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात करता येण्याजोगे आहे. चांदवडमध्ये १९२८ साली सुरू झालेल्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाच्या परिवारात आज अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्पाचा विषय शोधताना दूर न जाता आपल्याच गल्लीतील अशा एका मुलाचा हात निरखून पाहिला, त्याचे कोणते बोट, कोणते कोपर त्याच्या इच्छेने हलते हे समजून घेतले आणि तेवढ्यासाठी एक बटण केले, तर पुढच्या दिवाळीत तो रिमोट त्या खुर्चीपाशी थांबेल. त्या मुलाची पाळी येईल, आणि कदाचित दादाजींचीही.