सायलेन्सरच्या तोंडची आग

पेट्रोल इंजिनाच्या सायलेन्सरमधून ज्वाळा काढणं अवघड नाही. अवघड काम उलटं आहे. आग सिलिंडरच्या आत ठेवायची, तिथंच तिच्याकडून ताकद वसूल करायची आणि बाहेर फक्त जळून गेलेला वायू जाऊ द्यायचा. माझ्या धंद्यातली माणसं शंभर वर्षांहून जास्त काळ याच्याच मागं लागली आहेत. म्हणून एखादा पोरगा मोबाइलवर लॅम्बोर्गिनीच्या मागून निघालेला निळा झोत दाखवतो आणि विचारतो, "मिस्त्री, आपल्या पोलोला असं बसंल काय?", तेव्हा आधी हसू येतं. पण थोडं कौतुकही वाटतं. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते डोळ्यांनी बघावंसं वाटणारी पोरं आता कमीच.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. हात बसला तो कार्ब्युरेटरवर. पुढं इंजेक्शनच्या गाड्या आल्या, आता बॉनेट उघडायच्या आधी लॅपटॉप उघडतो. त्यामुळं ज्वाळेची जुनी तऱ्हा आणि नवी तऱ्हा, दोन्ही मला ठाऊक आहेत. आणि खरं सांगतो, जुनीच जास्त गमतीची.

ती जन्मली अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड गाड्या मातीमोल मिळत. फोर्डनं १९३२ मध्येच साध्या माणसाच्या गाडीत व्ही-८ इंजिन घातलेलं होतं. पोरं मडगार्ड काढून फेकायची, पत्रा कापून गाडी हलकी करायची, इंजिनाला आणखी ताव द्यायची आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट मातीवर पळवायची. या गाड्या म्हणजे हॉट रॉड. १९४८ मध्ये त्याच नावाचं मासिक निघालं. १९५१ मध्ये एनएचआरए ही संघटना उभी राहिली आणि रस्त्यावरच्या चोरून होणाऱ्या शर्यती मैदानात आणायचं काम तिनं अंगावर घेतलं. पण शर्यत मैदानात झाली तरी मिरवणं गावातच. रात्री खाण्याच्या ठिकाणांसमोरून गाडी सावकाश न्यायची, तर लोकांनी वळून बघायला काहीतरी पाहिजे. तिथं ज्वाळा कामाला आली.

साहित्य भंगारात पडलेलंच होतं. १९०८ ते १९२७ पर्यंत फोर्डच्या मॉडेल टी गाड्या दीड कोटीच्या घरात निघाल्या आणि त्यांच्या प्रत्येक सिलिंडरला लाकडी पेटीतली स्वतंत्र कॉइल होती. आपल्या फियाट-अँबॅसडरची कॉइल पॉइंट उघडला की एक ठिणगी देते. मॉडेल टीची कॉइल करंट मिळेतोवर गुणगुणत राहते आणि ठिणग्यांची माळ लावते. हॉट रॉडवाल्यांनी ती उचलली आणि तिची वायर थेट पाइपाच्या शेपटीत बसवलेल्या स्पार्क प्लगला नेली.

पुढचा भाग समजून घेण्यासारखा आहे. इंजिन चढवून चालू गाडीचं इग्निशन बंद केलं, तर पिस्टन लगेच थांबत नाहीत. चाकं त्यांना फिरवत राहतात. कार्ब्युरेटरला इग्निशन बंद झाल्याचं कळतच नाही, तो साधा हवेच्या ओढीवर चालणारा गडी. तो पेट्रोल देत राहतो, सिलिंडर ते ओढतो, दाबतो आणि न जळता जसंच्या तसं एक्झॉस्टमध्ये ढकलतो. म्हणजे पाइपात आता धूर नाही, जळायला तयार असलेलं मिश्रण आहे. शेपटीत ठिणगी पडली की मोठ्ठा 'ढप्प' होतो आणि पाइपातून आगीचा लोळ बाहेर येतो. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत आजही रात्री अशा ज्वाळांची चढाओढ लागते.

ज्वाळेच्या रंगावरून मिस्त्रीला बरंच कळतं. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. हवा आधीच नीट मिसळलेली असेल तर ज्वाळा निळी, आखूड आणि कडक. पेट्रोल जास्त, हवा कमी असेल तर उरलेलं पेट्रोल पाइपाच्या तोंडाशी बाहेरची हवा भेटल्यावर पेटतं आणि ज्वाळा पिवळी, लांब, काजळी टाकणारी होते. स्वयंपाकाच्या गॅसचा बर्नर आणि रॉकेलची चिमणी यांतला फरक तोच. पिवळा रंग आगीचा नसतो, तापून लाल-पिवळ्या झालेल्या कार्बनच्या कणांचा असतो. गावातल्या पोरांना लांबलचक पिवळी ज्वाळाच भारी वाटते. मला तिच्यात फक्त वाया चाललेलं पेट्रोल दिसतं.

पण सगळीच ज्वाळा वाया जात नाही, हे मला रॅलीच्या गाड्यांनी शिकवलं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा. वळणावर ड्रायव्हरनं पाय उचलला की धूर कमी, पंखा मंद, आणि परत पाय दिला की ताकद यायला वेळ. शर्यतीत तेवढ्यात पुढचा निसटतो. यावर अँटी-लॅगचा उपाय निघाला. पाय उचलला तरी थोडी हवा आणि पेट्रोल आत जाऊ द्यायचं आणि ठिणगी मुद्दाम उशिरा टाकायची, म्हणजे आग सिलिंडर सोडून मॅनिफोल्डमध्ये पेटते आणि टर्बो फिरता राहतो. १९८० च्या दशकातल्या ग्रुप बी रॅलीत ऑडी क्वाट्रो एस-१ आगीचे गोळे थुंकत वळायची. पुढं १९९० च्या दशकात सुबारू आणि मित्सुबिशीच्या गाड्यांनी तेच केलं. बघणाऱ्याला तमाशा, ड्रायव्हरला सेकंदांची बचत. किंमत मोजतो तो टर्बो आणि मॅनिफोल्ड. अशी गाडी दर शर्यतीला उघडावी लागते, रोज पोरांना शाळेत सोडायला वापरायची नसते.

सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत पळणाऱ्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरची ज्वाळा याहून भारी. तिथं पेट्रोल नाही, नायट्रोमिथेन. हे इंधन स्वतःचा बराचसा ऑक्सिजन पोटात घेऊनच येतं, त्यामुळं तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या कितीतरी पट जाळता येतं. १००० फुटांत गाडी ताशी ५०० किलोमीटरच्या वर जाते. पाइप वरच्या बाजूला तिरके वळवलेले असतात, त्यांतून सुटणाऱ्या झोताचा धक्का गाडीला खाली जमिनीवर दाबतो. आणि एखाद्या पाइपातली ज्वाळा गेली की पथकाला लांबूनच कळतं, तो सिलिंडर मेला. ही खरी कामाची आग.

वँकेल इंजिनाच्या माझदा आरएक्स-७ बद्दल पोरं विचारतात, म्हणून एवढंच सांगतो की त्या इंजिनात वायू बाहेर निघतो तो फार तापलेला आणि त्यात न जळलेलं पेट्रोलही बरंच. ज्वाळा तिथं मागावी लागत नाही, आपोआप येते.

मग पोलोचं काय? आजच्या गाडीत पाय उचलला की कॉम्प्युटर इंजेक्टरच बंद करतो. पाइपात जळण्यासारखं काही जातच नाही. 'पॉप्स अँड बँग्स' नावाचं ट्यूनिंग करणारे काय करतात, तर त्या कॉम्प्युटरला ही अक्कल विसरायला लावतात. पेट्रोल चालू ठेवायचं, ठिणगी उशिरा. वाटेत बसलेला असतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आपल्याकडं १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो लागला, नंतर सगळीकडे आला. बारीक भोकांची चिनी मातीची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा मुलामा. त्यात पेट्रोल जळायला लागलं की ती वीट वितळून बसते आणि गाडीचा श्वास कोंडतो. म्हणून हौशी लोक कन्व्हर्टरच काढून टाकतात, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांचा कच्चा धूर प्यायचा. वरून बंपर प्लॅस्टिकचा, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळायला टपलेला आणि चालवणारा आरशात ज्वाळा बघण्यात गुंग.

ट्रकची गोष्ट निराळी. डिझेल इंजिनात ठिणगी नाही, हवा नेहमी भरपूर. जास्त डिझेल ओतलं तर ज्वाळेऐवजी काळा धूर येतो. म्हणून अमेरिकेतल्या दिखाऊ ट्रकांच्या उभ्या धुरांड्यांत वेगळी प्रोपेन गॅसची लाइन आणि ठिणगी घालतात. इंजिनाशी तिचा संबंध नाममात्र, चाकांवरची आतषबाजी म्हणायची. यातली शेवटची पायरी म्हणजे 'शॉकवेव्ह' नावाचा पीटरबिल्ट ट्रक, पाठीवर जे-३४ जातीची तीन जेट इंजिनं. विमानांच्या प्रदर्शनांत तो आगीच्या भिंतीसमोरून धावायचा. जुलै २०२२ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला तो फुटला आणि चालक गेला. तो या कामात मुरलेला माणूस होता.

आपल्याकडं ट्रकच्या पाइपाची काळजी नेमकी उलटी घेतात. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोत तेल भरायला जाणाऱ्या टँकरच्या सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर लावावा लागतो, एक ठिणगीसुद्धा बाहेर पडू नये म्हणून. आमच्या भागात गाळपाच्या हंगामात रस्त्याच्या कडेला पाचटाचे ढीग असतात आणि उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक लागलेल्या असतात. तिथं ज्वाळा सोडत जाणारी गाडी मी डोळ्यांसमोरसुद्धा आणत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलेटचे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोलर फिरवताना पोलिसांचे फोटो आपण पाहतोच. ज्याला खरंच हौस आहे, त्यानं बंद मैदानावर जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनासोबत शिकावं, हाताशी अग्निशामक सिलिंडर आणि एक समजूतदार माणूस ठेवून.

आणि ज्यांना हौस नाही, पण बाइक एक्सिलरेटर सोडल्यावर आपणच फटाके मारते, त्यांच्यासाठी. बहुतेक वेळा दोष इंजिन आणि बेंडपाइपाच्या जोडावर असतो. एक्झॉस्टमध्ये दाब एकसारखा नसतो, धुराचा ठोका गेला की मागं क्षणभर ओढ तयार होते. जोड सैल असेल तर तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि उरलंसुरलं पेट्रोल पाइपातच जळतं. जोडाभोवती काजळीची काळी रेघ दिसली तर निदान झालंच. पहिल्यांदा तिथली गॅस्केट बदला. आवाज राहिलाच तर मग कार्ब्युरेटरचा स्लो जेट साफ करा आणि व्हॉल्व्हचं अंतर त्यानंतर तपासा. उलट्या क्रमानं गेलात तर बिल वाढतं, आणि ते वाढलेलं बिल माझ्यासारख्याच्याच खिशात जातं.