दर दोन तासांनी

एसएनसीयू, म्हणजे नवजात शिशूंचा विशेष काळजी कक्ष. तिथे दिवस दुधाच्या वेळांनी मोजतात. सहा, आठ, दहा, बारा असे दर दोन तासांनी, रात्र धरून बारा वेळा. माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन 1 किलो 380 ग्रॅम. नंदुरबार जिल्ह्यातल्या अशा एका कक्षाच्या दाराशी मी सव्वीस दिवस काढले. तेव्हा जे मुकाट्याने केले त्याचा अर्थ नंतर शासनाच्या मार्गदर्शक पुस्तिका आणि शोधनिबंध वाचताना लागत गेला. हा लेख त्या वाचनातून झाला आहे.

वजन 1,800 ग्रॅमपेक्षा कमी असेल किंवा बाळ चौतिसाव्या आठवड्याआधी जन्मले असेल, तर त्याला या कक्षात घेतात. चौतीस या आकड्याला कारण आहे. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारण त्या सुमारास बसतो. त्याआधी अंगावर पाजले तर दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती. म्हणून आईने दूध वाटीत पिळून द्यायचे आणि सिस्टरने ते नळीने थेट पोटात सोडायचे. पहिल्या दिवशी माझा चीक जेमतेम चार मिलिलिटर निघाला. वाटीचा तळही झाकला नाही. मला रडू आले. सिस्टर म्हणाली, "ताई, तिच्या पोटाला एवढंच पुरतं." पुढे नळी निघाली आणि बोंडले आले. आजीच्या फडताळात काळे पडलेले चांदीचे बोंडले मी पाहिले होते. तेच चोचीचे भांडे इथे स्टीलचे होऊन, उकळून, रांगेत ठेवलेले दिसले.

दूध पिळले नाही तर आटते, रात्रीच्या वेळा चुकवल्या तर लवकर आटते. त्यामुळे दोन आणि चारची पाळी कोणी चुकवत नसे. कोपरापर्यंत हात धुवायचे, चपला बदलायच्या, गाऊन चढवायचा, दूध द्यायचे, बाहेर यायचे. या सगळ्याला पाऊण तास लागला, की झोपेला उरला सव्वा तास.

आतली यंत्रे भीती घालतात. पायाला बांधलेल्या लाल दिव्यावरून पडद्यावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा येतो. बाळ प्राणवायूवर असेल तर तो 90 ते 95 च्या दरम्यान राखायचा असतो. नव्याण्णव दिसले की आम्हा आयांना बरे वाटे, सिस्टर मात्र लगेच प्राणवायू कमी करी. तो जास्त झाला तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा बिघडतो. महिन्याच्या सुमारास डोळे तपासून घ्या असे पुन्हा पुन्हा बजावतात, ते यासाठीच. वजनाचेही तसेच. पहिल्या आठवड्यात ते दहा टक्क्यांपर्यंत किंवा थोडे अधिक घटते आणि प्रत्येक आईला वाटते की आपल्याच दुधात कस नाही. मग दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम चढू लागते. वीस ग्रॅम म्हणजे चार चमचे पाणी. तेवढ्यावर आमचा अख्खा दिवस बरा किंवा वाईट जाई.

दोन पाळ्यांच्या मध्ये मात्र आई कोण असते? दारावरच्या पाटीप्रमाणे 'नातेवाईक'. आत बाळाच्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव; बाहेर तीच बाई नातेवाईक. जंतुसंसर्गाच्या भीतीने आयांना दूर ठेवण्याची ही रीत जगभर होती. ती मोडली ती अडचणीत सापडलेल्या ठिकाणी. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी आणि बाळे जास्त, तेव्हा एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच आपली 'कांगारू' पद्धत. पुढच्याच वर्षी एस्टोनियात टॅलिन इथे आदिक लेविन यांनी परिचारिका अपुऱ्या म्हणून आयांच्याच हाती शुश्रूषा दिली. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या बायकांना बाळ तोलायला, ऊब द्यायला, श्वास मोजायला आणि गरजेला इंजेक्शन द्यायला शिकवले. नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी उतरल्याचा त्यांचा निबंध 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला.

तरीही कांगारू पद्धत 'बाळ स्थिर झाल्यावर' वापरायची म्हणून मागेच राहिली. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथे केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. एक ते 1.8 किलोची तीन हजारांहून अधिक बाळे. काहींना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिले आणि आईसकट अतिदक्षता कक्षात ठेवले. काहींना रूढ पद्धतीने आधी स्थिर होऊ दिले. पहिल्या गटात मृत्यू 12 टक्के, दुसऱ्यात 15.7. चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण दुसऱ्या गटाला आईपासून दूर ठेवणे योग्य राहिले नव्हते. केंद्र सरकारने कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक सूत्रे त्याआधीच, 2017 मध्ये काढली होती. सूत्रे चांगली आहेत. त्यांना हवी ती प्रत्येक बाळाशेजारी आईची एक खाट.

इथे भंडाऱ्याची आठवण टाळता येत नाही. 9 जानेवारी 2021 च्या रात्री तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. चौकशी विजेच्या यंत्रणेची आणि कर्मचाऱ्यांची झाली, ती व्हायलाच हवी होती. माझ्या मनात मात्र वेगळाच प्रश्न राहिला: त्या वेळी प्रत्येक बाळाच्या शेजारी त्याची आई असती तर?

खाट मिळाली तरी आई राहू शकेल का, हा नंदुरबारचा प्रश्न. दोन-तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आदिवासी. धडगाव, अक्कलकुव्याचे पाडे सातपुड्याच्या रांगांत. पावसात चांदसैली घाटात दरड आली की वाट बंद. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताचे उपचार, औषधे, ने-आण मोफत आहे. आईचे जेवणही, पण साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि शस्त्रक्रियेत सात. ही गणती बाळंतिणीची आहे. बाळ महिनाभर आत असलेल्या आईची त्यात सोय नाही. कुपोषित मुलाबरोबर पोषण पुनर्वसन केंद्रात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. त्या दाराशी मला तो शब्द ऐकू आला नाही.

माझ्या शेजारी सातपुड्यातली एक पावरा बाई होती. तिला मराठी येत नव्हते, सिस्टरला पावरी. झाडलोट करणाऱ्या मावशी मध्ये उभ्या राहून दोन्हीकडचे सांगत. तिला माझ्यापेक्षा दूध भरपूर. दिवाळी जवळ आली होती. ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे निघायच्या बेतात, नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली, घरी दोन लहानगी. चौदाव्या दिवशी नवरा आला आणि तिने 'डामा'वर अंगठा दिला. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्ण घरी नेण्याच्या कागदाला सगळे तसेच म्हणतात. डॉक्टर चिडले, मग समजावू लागले, मग गप्प झाले. मीही मनात तिला बोल लावला. माझी भरपगारी प्रसूती रजा चालू आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

सिस्टरने तिच्या छातीशी बाळ कापडाने कसे बांधायचे ते दोनदा करून दाखवले, टोपडे घातले, बोंडले पिशवीत टाकले. तिच्या गावच्या आशाताईला तिथूनच फोन लावला. आशांच्या ठरलेल्या भेटी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत असतात. पण टोळी निघून गेली तर त्या कोणाच्या दारात होणार, हे आशाताईने फोनवरच विचारले.

मुलीच्या वजनाच्या वहीत तिच्या बाळाचा त्या सकाळचा आकडाही मी टिपून ठेवला आहे: 1 किलो 540. आदल्या दिवसापेक्षा तीस ग्रॅम जास्त.