रबरी बोट: अडाणच्या खोऱ्यात

रबरी बोट म्हणजे हवेने भरलेल्या जाड नळ्यांवर तरंगणारी नाव. तिला लाकडाचा सांगाडा नसतो, पत्र्याचा सांगाडाही नसतो; आकार आणि ताकद दोन्ही नळ्यांतल्या दाबलेल्या हवेतून येतात. हवा काढली की सव्वाचार मीटर लांबीची नाव दोन गाठोड्यांत बसते आणि जीपमध्ये टाकून गावोगाव नेता येते. फळ्यांसह तिचे वजन शंभर किलोच्या आसपास भरते, म्हणजे चार माणसे ती उचलून चिखलातून पाण्यापर्यंत नेऊ शकतात. लाकडी डोंगीच्या किंवा फायबरच्या बोटीच्या बाबतीत हे जमत नाही. पुराच्या कामाला रबरी बोट निवडतात ती याच कारणाने.

आजच्या रूपातली रबरी बोट १९३०च्या दशकात फ्रान्समधल्या झोडियाक कंपनीत आकाराला आली. ही कंपनी मुळात हवाई जहाजे बनवत असे, त्यामुळे कापडात हवा कोंडून ठेवण्याची विद्या तिच्याकडे होती. १९५२ साली आलाँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरने साडेचार मीटरच्या झोडियाकमधून शिडाच्या जोरावर कॅनरी बेटांपासून बार्बाडोसपर्यंत अटलांटिक महासागर ६५ दिवसांत पार केला. हवेच्या नावेवर भरवसा ठेवता येतो, हे त्यानंतर लोकांना पटू लागले.

वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातील इंझोरी आणि भोवतालची गावे अडाण नदीच्या खोऱ्यात येतात. अडाण पुढे यवतमाळ जिल्ह्यातून जाऊन पैनगंगेला मिळते. कारंजाजवळ तिच्यावर मातीचे धरण आहे. पावसाळा सोडला तर या भागात बोट लागावी असे पाणी त्या धरणाखेरीज फारसे दिसत नाही. मात्र काळ्या जमिनीवर जोराचा पाऊस झाला की पाणी मुरत नाही. नाले तासाभरात चढतात, रपटे बुडतात आणि वस्तीचा रस्ता तुटतो. २२ जुलै २०२३ रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातील आनंदनगर असेच पाण्याने वेढले गेले आणि तिथल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. असे पाणी चढते झपाट्याने आणि बहुधा दुसऱ्या दिवशी उतरतेही. बाहेरून पथक येईपर्यंतच्या मधल्या तासांत जवळ असलेली बोटच उपयोगी पडते.

इथली अडचण वेगळी आहे. कोकणातली किंवा कृष्णाकाठची बोट वारंवार पाण्यात उतरते. वऱ्हाडातली बोट वर्षाचे अकरा महिने गुंडाळून पडलेली असते आणि लागते ती काही तासांसाठी. अशी बोट नदीपेक्षा गोदामातच अधिक लवकर निकामी होते. म्हणून या मुलखात बोट विकत घेण्यापेक्षा ती सांभाळण्याचा विचार आधी करायला हवा.

खरेदीत पहिला प्रश्न कापडाचा. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक पीव्हीसी, दुसरे हायपालॉन. हायपालॉन हे द्यूपाँ कंपनीचे व्यापारी नाव होते. कंपनीने ते उत्पादन थांबवले तरी त्या जातीच्या कृत्रिम रबराला आजही लोक याच नावाने ओळखतात. पीव्हीसी स्वस्त असते आणि तिचे सांधे उष्णतेने वितळवून जोडता येतात, पण ऊन आणि पेट्रोल तिला लवकर खातात. हायपालॉन महाग असते, सांधे गोंदाने चिकटवावे लागतात, पण ऊन, तेल आणि घर्षण ते बरेच जास्त सोसते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या जिल्ह्यात, पैसे जुळत असतील तर, हायपालॉनच घ्यावे. नळ्या एका पोकळीच्या नसाव्यात. किमान तीन स्वतंत्र कप्पे आणि तळाशी फुगणारा कणा असलेली बोट एक कप्पा फाटला तरी माणसांना काठापर्यंत आणते. बाभळीचे काटे आणि शेताच्या कुंपणाची काटेरी तार बुडालेल्या पाण्यात ही शक्यता नेहमीची आहे.

किती माणसे आणि किती अश्वशक्तीचे इंजिन चालेल, हे मागच्या फळीजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. ती मर्यादा शांत पाण्यासाठी असते. वाहत्या पाण्यात, बचावलेल्या माणसांसोबत शेळ्या आणि पेट्या येणार हे धरून, त्याहून कमी माणसे घ्यावीत. इंजिन पंचवीस-तीस अश्वशक्तीचे पुरते. त्याहून मोठे इंजिन मागची फळी खाली दाबते आणि नाक उचलते. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र लागते. धरणात उतरवायची तर जलसंपदा विभागाची परवानगीही हवी.

बोट फुगवण्याला क्रम आहे. आधी जमीन झाडून दगड, खुंट आणि काटे काढायचे. नळ्या अर्ध्यामुर्ध्या भरायच्या, मग तळाच्या फळ्या बसवून बाजूच्या पट्ट्यांनी अडकवायच्या. यात बोटे चिमटण्याचा धोका मोठा, म्हणून पाय लावून दाबतात. नंतर सगळे कप्पे पाळीपाळीने थोडेथोडे भरायचे. एकच कप्पा गच्च भरला तर मधला पडदा ताणून सैल होतो आणि ती इजा बाहेरून दिसत नाही. तळाचा कणा शेवटी. नळ्यांतला दाब साधारण ०.२ ते ०.२५ बार, म्हणजे तीन-साडेतीन पीएसआय ठेवतात. मोटारीच्या चाकात याच्या आठ-दहा पट दाब असतो, म्हणून गॅरेजच्या कॉम्प्रेसरने बोट भरू नये. काही सेकंदांत सांधा उकलतो.

हा दाब तापमानाबरोबर हलतो. पंचवीस अंशाला ०.२४ बार भरलेली नळी उन्हात पन्नास अंशांवर तापली की दाब ०.३४ बारच्या घरात जातो. उलट दुपारी चाळीस अंशाला तेवढीच भरलेली नळी बावीस अंशांच्या पुराच्या पाण्यात उतरली की दाब ०.१७ बारवर येतो आणि बोट मधोमध वाकू लागते. म्हणून काठावर उभी बोट सावलीत ठेवायची, हवा थोडी कमी करायची आणि पाण्यात उतरवल्यावर दहा मिनिटांनी दाब पुन्हा मोजून भर घालायची. हातपंप त्यासाठी बोटीतच असावा.

इंजिन टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये बोटीचे तेल मिसळतात. बहुतेक इंजिनांना पन्नासास एक, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर. सुरू होताच इंजिनाच्या बाजूने पाण्याची पिचकारी उडू लागली पाहिजे. ती दिसली नाही तर आतला रबरी पाणीपंप बंद आहे किंवा वाट गाळाने बुजली आहे; इंजिन लगेच थांबवावे. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची दोरी हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग. चालक पाण्यात पडला की ती सुटते आणि इंजिन बंद पडते. ती बांधली नसेल तर रिकामी बोट गोल फिरत परत येते, आणि पंखा पडलेल्या माणसाकडेच येतो.

लाइफ जॅकेट काठावरच घालायचे, पट्ट्या बांधून. पाण्यात गेल्यावर ते घालणे जवळपास अशक्य असते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळला पुरातून माणसे नेणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातील झुंजजवळ वर्धा नदीत डोंगी उलटून ११ जण बुडाले. या दोन्ही बोटी रबरी नव्हत्या. पण भार वाढला, सगळे एका बाजूला सरकले किंवा कोणी उभे राहिले, की रबरी बोटही तशीच जाते.

वाहते पाणी ओलांडताना बोटीचे नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरके ठेवतात. इंजिन प्रवाहाशी झुंजते आणि बोट आडवी सरकत पलीकडे जाते. सरळ पलीकडचा काठ धरला तर कूस प्रवाहाला सापडते. माणसाला उचलायचे तेव्हा त्याच्या खालच्या अंगाने, प्रवाहाला सामोरे जात यायचे, म्हणजे बोट त्याच्यावर वाहून जात नाही. हात पोचेल इतक्या जवळ येताच गिअर काढायचा. काठावरून दोर टाकून माणूस निघत असेल तर बोट उतरवूच नये. शेतातून जाताना पंखा जमिनीला लागू लागला की माणसे उतरून बोट ओढतात. हे करताना पुढच्याने काठीने जमीन चाचपत जावे, कारण गढूळ पाण्याखाली कठडा नसलेली विहीर दिसत नाही. पूर चढल्यावर विजेच्या तारा बोटीतल्या माणसाच्या डोक्याजवळ येतात. त्या फिडरचा पुरवठा महावितरणकडून बंद करून घेतल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

सगळ्यांत मोठा धोका बंधाऱ्याखाली असतो. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत आणि पुरात पाणी त्यांच्यावरून पडते. पडलेले पाणी तळाला आपटून वर येते, आणि वर आलेल्या पाण्याचा एक भाग पृष्ठभागावरून उलटा, बंधाऱ्याच्या दिशेने वाहतो. खालून जवळ गेलेली बोट त्या उलट्या प्रवाहात ओढली जाते, पडत्या धारेखाली तिचे एक अंग भरते आणि ती पालथी होते. त्या फेसाळ पाण्यात हवा इतकी असते की जॅकेट घातलेला माणूसही नीट तरंगत नाही. पाणी त्याला पुन्हा पुन्हा खाली नेते. वरून पाहणाऱ्याला हे पाणी शांत वाटते, म्हणून ते फसवे आहे. २३ मे २०२४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील सुगाव इथे प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट भोवऱ्यात उलटली आणि दलाचे तीन प्रशिक्षित जवान गेले. प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनाही तिथे सुटता आले नाही, हे प्रत्येक गावच्या पथकाला माहीत असायला हवे. वाहत्या बंधाऱ्याच्या खाली पाणी पुन्हा सरळ पुढे वाहू लागते तिथपर्यंतची जागा बोटीला बंद, असा नियम करून काठावर खूण रंगवावी. तिथे शोध घ्यायचा असेल तर आधी पाणी कमी करावे, नाहीतर दोन्ही काठांवरून दोर लावावेत.

धरणात धोका वाऱ्याचा. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कळाशी आणि कुगाव यांच्यामधली प्रवासी बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. रबरी बोट पाण्याच्या वर जास्त आणि खाली फार थोडी असते. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचा वारा सुटला की तो रिकाम्या बोटीचे नाक सरळ उचलतो. एकट्या चालकाने पुढच्या बाजूला वजन ठेवावे आणि ढग दाटताच काठ धरावा.

काम संपल्यावरचा पहिला तास महत्त्वाचा असतो. काळी माती वाळली की फळ्यांच्या आणि नळ्यांच्या फटीत घट्ट बसते, तिच्यातली वाळू पुढच्या वेळी सांध्यावर घासते. म्हणून फळ्या काढून बोट गोड्या पाण्याने धुवायची आणि सावलीत उलटसुलट करून पूर्ण वाळवायची. इंजिन स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये दहा मिनिटे चालवायचे. गिअरचे तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर सील गेले आहे आणि आत पाणी शिरले आहे. पेट्रोल टाकीत ठेवू नये. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते हवेतले बाष्प ओढते, आणि काही महिन्यांत पाणी तळाशी वेगळे बसते. कार्बोरेटरही कोरडा करावा. ऐन पुरात इंजिन सुरू न होण्याचे सर्वांत साधे कारण गेल्या वर्षीचे पेट्रोल हे असते.

साठवणीची जागा टिनाच्या छपराखालची नसावी. तापल्या छपराखाली सांध्यांचा गोंद सुटतो. फवारणीची औषधे, खत आणि डिझेल यांच्या शेजारीही बोट ठेवू नये. शंखजिऱ्याची पूड लावून, घडीच्या जागा दर वेळी बदलत, ती सैल गुंडाळावी आणि जमिनीपासून उंच लाकडी फळीवर ठेवावी. जागा असेल तर अर्धी फुगवलेलीच ठेवणे अधिक चांगले, कारण उंदराला घडीतच घर करता येते. झाकण कापडी असावे; प्लॅस्टिकखाली घाम धरतो.

मे महिन्याच्या मध्याला वार्षिक तपासणी करावी. संध्याकाळी पूर्ण दाबाने भरून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दाब मोजायचा. वेळ बदलली तर तापमानाचा फरक गळतीसारखा दिसतो. दाब घटला असेल तर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे, आधी झडपांशी, मग सांध्यांशी. छिद्र सापडल्यावर त्या कापडाचेच, कोपरे गोल कापलेले ठिगळ घ्यायचे, छिद्राच्या सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर मोठे. दोन्ही पृष्ठभाग काचकागदाने खरखरीत करून, द्रावणाने पुसून, त्या कापडासाठीच असलेल्या दोन भागांच्या गोंदाचे दोन पातळ हात द्यायचे, चिकटपणा आल्यावर ठिगळ दाबून रूळ फिरवायचा आणि किमान चोवीस तास हवा भरायची नाही. सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन पीव्हीसीवर टिकत नाही. दमट हवेत हा गोंदही नीट धरत नाही, त्यामुळे जुलैत केलेली दुरुस्ती कच्ची राहते. वऱ्हाडातला कोरडा मे महिना याच कामासाठी उत्तम आहे.

बोटीमागे माणसेही हवीत. अकोला जिल्ह्यातील पिंजर इथले संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक असे काम स्वयंसेवकांच्या बळावर करते. इंझोरीच्या परिसरात पाण्याची सवय असलेली माणसे म्हणजे धरणात जाळी टाकणारे भोई. ट्यूबवर आणि थर्माकोलवर तरंगत मासेमारी करणाऱ्या या लोकांना कुठे खडक, कुठे बुडालेले झाड, हे ठाऊक असते. चालक त्यांच्यातून तयार करावेत आणि पावसाळ्याआधी धरणात किमान दोन सराव घ्यावेत: एकदा रिकामी बोट, एकदा पूर्ण भार.

नीट सांभाळलेले हायपालॉन दहा-पंधरा वर्षे चालते, पीव्हीसी या उन्हात त्याहून कमी. पृष्ठभाग हाताला चिकट लागू लागला, आतला धागा दिसू लागला किंवा मागच्या फळीचा सांधा हलू लागला की ठिगळ लावत बसू नये. ती बोट कामातून काढून तिच्यावर ठळक अक्षरांत तसे लिहावे, झडपा आणि कड्या सुट्या भागांसाठी काढून घ्याव्यात आणि इंजिन नव्या बोटीला लावावे.