चारठाण्याची टाकी, दाभोळचं जहाज

चारठाणा गावात शेगडीला जोडलेल्या लाल टाकीत असतो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. गुहागर तालुक्यात अंजनवेलला, दाभोळ टर्मिनलवर जहाजातून उतरतो तो एलएनजी : मुख्यतः मिथेन, उणे १६२ अंशांपर्यंत गार करून द्रव केलेला, आकारमानात सुमारे ६०० पट आक्रसलेला. टाकीत द्रव टिकतो दाबाने, जहाजात थंडीने. वाटेत थोडा उकळून वायू होतोच. तो बहुतेक जहाजं इंजिनात जाळतात. एलएनजी सांडलाच, तर पांढरं धुकं आधी पाण्यालगत सरपटतं आणि ऊब लागली की वर उडतं. एलपीजी मात्र फरशीवरच बसून राहतो. म्हणून वास आला की रेग्युलेटर बंद, दारं उघडी आणि दिव्याच्या बटणाला हात नाही. तिकडे २०१३ साली सुरू झालेल्या दाभोळ टर्मिनलला छळलं ते लाटांनी : लाटारोधक भिंत अपुरी, त्यामुळे कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाजं लागतच नसत.