अखंड चालणारा पंप

कावेरीच्या खोऱ्यात, कुंभकोणम् शहराजवळ पट्टीश्वरम् हे गाव आहे. या भागात प्रामुख्याने भाताची शेती होते. मेट्टूर धरणाचे पाणी कालव्यांत येण्यास विलंब झाला, की येथील शेतकरी पंपाने जमिनीतील पाणी उपसून कुरुवै हंगामाची रोपे जगवतात. असा पंप सर्वत्र परिचित आहे. मोटर सुरू होताच कवचातील पात्यांचे चक्र फिरते आणि पाणी जोराने बाहेर फेकले जाते. विहिरीत सोडलेल्या नळाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. ही झडप पाण्याला वर येऊ देते, परत खाली जाऊ देत नाही. पाती झिजली किंवा झडप गळू लागली, तर शेतकरी पंप बंद करतो, मिस्त्रीला बोलावतो आणि दुरुस्ती झाल्यावर काम पुढे सुरू होते.

मानवी हृदय हाही एक पंपच आहे. त्यातही रक्त एकाच दिशेने वाहावे म्हणून चार झडपा असतात. मात्र हा पंप बंद ठेवता येत नाही. निरोगी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे सत्तर वेळा, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि विश्रांतीच्या अवस्थेतही दर मिनिटाला जवळजवळ पाच लिटर रक्त पुढे ढकलते. १९५३ साली अमेरिकेतील डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. परंतु ते यंत्र शस्त्रक्रियेपुरतेच हृदयाचे काम करते. ज्याचे हृदय कायमचे दुर्बल झाले आहे, त्याला वर्षानुवर्षे चालणारा पंप हवा असतो. हृदयाचे दान मिळेपर्यंत अनेक रुग्ण तग धरू शकत नाहीत. म्हणूनच अशा पंपाची गरज तीव्र आहे.

वरवर पाहता हे काम सोपे वाटते. पाच लिटर द्रव मिनिटभरात ढकलणारा पंप कोणताही कारखाना बनवील. खरी अडचण अशी, की रक्त म्हणजे पाणी नव्हे. त्यात अतिसूक्ष्म, नाजूक तांबड्या पेशी तरंगत असतात. पात्यांचा वेग फार वाढला किंवा फटी फार अरुंद झाल्या, तर या पेशी फाटतात. याउलट एखाद्या कोपऱ्यात रक्त रेंगाळले, तर तेथे गुठळी होते. ती मेंदूपर्यंत पोहोचली, तर पक्षाघात होतो. म्हणजे वेग अधिक झाला तरी हानी आणि कमी पडला तरी हानी. या दोन मर्यादांमधील अरुंद वाटेने अभियंत्याला जावे लागते.

या वाटेवरील एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे ‘जार्विक-७’ हे कृत्रिम हृदय. २ डिसेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात डॉ. विल्यम डीव्रीज यांनी ते बार्नी क्लार्क या दंतवैद्यांच्या छातीत बसवले. निसर्गाप्रमाणेच ते ठोके देई; मात्र त्यासाठी लागणारी दाबाची हवा बाहेरील अवजड यंत्रातून नळ्यांद्वारे येत असे. दोन आठवड्यांच्या आतच त्यातील एक झडप मोडली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. क्लार्क ११२ दिवस जगले.

पुढे अभियंत्यांनी ठोक्यांचा आग्रह सोडला आणि शेतातील पंपासारखे फिरते चक्र स्वीकारले. असा पंप बहुधा हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडतात. मूळ हृदय जागीच राहते. रक्त अखंड वाहत असल्याने काही रुग्णांची नाडी हाताला जवळजवळ लागत नाही. पण फिरत्या चक्राला बेअरिंगचा आधार लागतो. तेथे घर्षण होते, उष्णता निर्माण होते आणि गुठळी धरण्याचा धोका वाढतो. ‘हार्टमेट-३’ या पंपात चक्र चुंबकीय बलाने अधांतरी तोलून धरले आहे. ते कोठेही न टेकता फिरते. भोवतालच्या फटीही रुंद ठेवल्या आहेत. रक्त साचू नये म्हणून चक्राचा वेग ठरावीक अंतराने कमी-जास्त केला जातो. या पंपाला २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

भारतातील अशाच चिकाटीचे उदाहरण कृत्रिम झडपेचे आहे. रूमॅटिक तापामुळे आपल्या देशात अनेकांच्या हृदयाच्या झडपा लहान वयातच निकामी होत आणि आयात केलेली झडप सामान्यांना परवडत नसे. तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वदेशी झडप बनवण्याचे काम हाती घेतले. झडपेला वर्षाला सुमारे चार कोटी वेळा उघड-मीट करावी लागते. पहिल्या नमुन्यात वेल्डिंगचा जोड तुटला. नंतर टायटॅनियमच्या चौकटीत कृत्रिम नीलमण्याची चकती बसवली. त्या कठीण चकतीने धातूच झिजवला. चौकटीचा धातू बदलला, तर प्राण्यावरील चाचणीत चकती तडकली. अखेरीस कठीण चकतीचा मोह सोडून विशिष्ट पॉलिएथिलीनची, तुलनेने मऊ चकती निवडण्यात आली. टिकण्यासाठी केवळ कठीणपणा उपयोगी नसतो. आघात सोसण्याचा गुणही लागतो, हे या अपयशांतून उमगले. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम माणसाच्या हृदयात बसवली गेली. आजवर एक लाखाहून अधिक झडपा रुग्णांसाठी वापरल्या गेल्या आहेत.

हृदय-पंपांबाबत मात्र अद्याप बरेच काम उरले आहे. पंपाला वीज पुरवणारी तार पोटाच्या त्वचेतून बाहेर येते. तेथून जंतुसंसर्ग होऊ शकतो. रुग्णाला बॅटऱ्या सतत जवळ बाळगाव्या लागतात आणि वीज खंडित होण्याची चिंता असते. रक्त पातळ ठेवणारी औषधे नियमित घ्यावी लागतात. शिवाय पंपाची किंमत बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून उत्तम पंप तयार होणे पुरेसे नाही. तो लहान गावातील रुग्णालाही परवडेल, पेलेल आणि घरच्या विजेवर निर्धास्तपणे चालेल असा व्हायला हवा. चित्रा झडपेने हे साध्य होऊ शकते, हे दाखवून दिले आहे.